उथळ पाण्यातल्या होड्या

थेम्स नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर ली-ऑन-सी नावाचे एक छोटे गाव आहे. या गावाचा जुना धंदा म्हणजे कॉकल गोळा करणे. कॉकल म्हणजे आपल्याकडच्या तिसऱ्या-खुब्यांसारखी शिंपली. ओहोटी लागली की होडी वाळूच्या पट्ट्यावर टेकवायची, खाली उतरून दाताळ्याने वाळू उकरायची, टोपल्या भरायच्या आणि भरतीच्या पाण्याने होडी पुन्हा तरंगू लागली की घरी परतायचे. मग किनाऱ्यावरच्या शेडमध्ये शिंपल्या उकडून विकायच्या. वडिलांकडून मुलाकडे आलेला हा साधा, कष्टाचा धंदा. कोकणातल्या खाडीकाठच्या वाचकांना तो फारसा परका वाटणार नाही.

३१ मे १९४० रोजी या गावातून सहा होड्या निघाल्या. त्यांची नावे डिफेंडर, एंडेव्हर, लेटिशिया, रिलायन्स, रिनाउन आणि रेझोल्यूट. लांबी जेमतेम ३०-३५ फूट, बूड चपटे, इंजिन लहान. त्या दिवशी मात्र त्या शिंपल्यांसाठी निघालेल्या नव्हत्या. समुद्रापलीकडे फ्रान्सच्या डंकर्क बंदरात लाखो सैनिक अडकले होते आणि त्यांना आणण्यासाठी त्या जात होत्या. वर जर्मन विमाने घिरट्या घालत होती आणि पाण्यात सुरुंग पेरलेले होते. होड्यांवरची माणसे मात्र सैनिक नव्हती. ते गावातले मच्छीमार होते.

दुसऱ्या महायुद्धातल्या या घटनेवर पुस्तके आली, सिनेमे निघाले. आपल्या मुलांनीही त्यातला एखादा पाहिलेला असतो. पण सिनेमात तोफांचा धूर जास्त दिसतो आणि माणसे कमी. या लेखात त्या किनाऱ्यावरच्या सामान्य माणसांची ओळख करून घेऊ. त्यांच्याबरोबर, ज्यांची नावे अनेक वर्षे कोणी घेतली नाहीत अशा आपल्या काही माणसांचीही.

अडकलेले लाखो

१० मे १९४० रोजी हिटलरच्या फौजांनी हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्सवर एकाच वेळी हल्ला केला. आर्देनच्या दाट जंगलातून रणगाडे येऊ शकणार नाहीत, असे फ्रेंच सेनापतींना वाटत होते. रणगाडे नेमके तिथूनच आले. अवघ्या दहा दिवसांत, २० मे रोजी, जर्मन फौज फ्रान्स ओलांडून थेट समुद्रापर्यंत पोहोचली. ब्रिटिश सैन्य, फ्रेंच सैन्याचा मोठा भाग आणि बेल्जियमचे सैन्य उत्तरेच्या कोपऱ्यात कोंडले गेले. मागे समुद्र आणि तिन्ही बाजूंना शत्रू. बुलोन आणि कॅले ही बंदरे एकामागून एक पडली. उरले ते फक्त डंकर्क.

समुद्राच्या या बाजूला, डोव्हरच्या जुन्या किल्ल्याखालच्या भुयारात व्हाइस अ‍ॅडमिरल बर्ट्राम रॅम्से यांचे कार्यालय होते. २६ मेच्या संध्याकाळी त्यांना सुटकेची मोहीम सुरू करण्याचा आदेश मिळाला. मोहिमेचे नाव ऑपरेशन डायनामो. दोन दिवसांत फार तर ४५,००० माणसे वाचवता येतील, असा तेव्हाचा अंदाज होता.

अडचण शत्रूची होतीच, पण समुद्राच्या तळाचीही होती. डंकर्क ते बेल्जियमच्या ला पानपर्यंतचा किनारा म्हणजे मैलोन् मैल सपाट वाळू. ही वाळू पाण्याखालीही तशीच हळूहळू उतरत जाते. त्यामुळे नौदलाच्या मोठ्या विनाशिका किनाऱ्याजवळ येऊच शकत नव्हत्या. त्या दूर खोल पाण्यात उभ्या राहत आणि सैनिक छातीभर, गळाभर पाण्यात तासन् तास रांगेत उभे असत. मधले अंतर कापणार कोण? विनाशिकेवरच्या वल्हवायच्या लहान नावा थोड्याच माणसांना घेत आणि एका फेरीला बराच वेळ लागे. २७ मे रोजी, मोहिमेच्या पहिल्या पूर्ण दिवशी, इंग्लंडला पोहोचले फक्त ७,६६९ सैनिक.

आता गरज होती ती गुडघाभर-कमरेभर पाण्यात जाऊ शकणाऱ्या होड्यांची, आणि अशा पाण्यात होडी चालवण्याची सवय असलेल्या माणसांची.

रॅम्सगेट: होड्यांचा नाका

अशा होड्यांची यादी ब्रिटिश नौदलाकडे नुकतीच तयार होऊ लागली होती. १४ मे रोजी रेडिओवरून एक सूचना देण्यात आली होती. ३० ते १०० फूट लांबीची स्वयंचलित नौका ज्याच्याकडे असेल त्याने तिची माहिती १४ दिवसांत कळवावी. तेव्हा डंकर्कचा विषयही निघाला नव्हता. नौदलाला किनाऱ्यावरच्या इतर कामांसाठी नौका हव्या होत्या. पण हीच यादी पुढे कामी आली. थेम्स नदीतल्या सहलीच्या लाँच, मासेमारीच्या होड्या, बार्ज, लंडनच्या अग्निशमन दलाची मॅसी शॉ ही नौका, असे जे हाती लागेल ते गोळा करण्यात आले.

यातल्या बऱ्याच होड्या शीअरनेस बंदरात तपासल्या जात आणि तिथून केंट किनाऱ्यावरच्या रॅम्सगेटला येत. रॅम्सगेट हे उन्हाळ्यात सहलीला यायचे गाव. अर्धवर्तुळाकार दगडी बंदर, पुढे वाळूचा किनारा, किनाऱ्यावर हॉटेले. युद्धामुळे त्या वर्षी सहलीचा हंगाम नव्हता. मेच्या अखेरीस हे बंदर लहान होड्यांचा नाका बनले. इथे त्यांना इंधन मिळे, पिण्याचे पाणी मिळे, नकाशा मिळे आणि कोणत्या मार्गाने जायचे ते सांगितले जाई. थेम्समध्ये आयुष्य घालवलेल्या कितीतरी नावाड्यांनी तोवर समुद्र ओलांडलेला नव्हता. त्यांना नकाशा दाखवून, पुढे जाणाऱ्या नौकेच्या मागे राहा, एवढेच सांगितले जाई.

रॅम्सगेटची स्वतःची जीवरक्षक नौकाही होती. तिचे नाव प्रुडेन्शियल. तिचे तांडेल हॉवर्ड प्रिमरोझ नाइट आणि त्यांचे सोबती हे सगळे गावातले स्वयंसेवक. वादळात सापडलेल्या जहाजांच्या मदतीला जाणे, हे त्यांचे नेहमीचे काम. ३० मे रोजी ते पिण्याच्या पाण्याचे डबे घेऊन, मागे आठ लहान नावा दोराने बांधून निघाले. ही मंडळी तीस तासांहून अधिक काळ डंकर्कच्या किनाऱ्यावर राबली. वाळूवरून नाव भरायची, जहाजापर्यंत न्यायची, माणसे वर चढवायची आणि पुन्हा मागे फिरायचे. त्यांच्या या खेपांमधून सुमारे २,८०० सैनिक जहाजांपर्यंत पोहोचले. शेजारच्या मार्गेट गावची जीवरक्षक नौकाही तांडेल एडवर्ड पार्कर यांच्याबरोबर गेली होती. दोन्ही तांडेलांना पुढे नौदलाचे विशेष सेवा पदक मिळाले.

याच बंदरात १ जूनच्या रात्री सनडाउनर नावाची एक खासगी नौका परत आली. तिचे मालक चार्ल्स लाइटोलर ६६ वर्षांचे होते. टायटॅनिक बुडाले तेव्हा ते त्या जहाजावरचे दुसरे अधिकारी होते आणि वाचलेल्या अधिकाऱ्यांमध्ये सर्वांत ज्येष्ठ. नौदलाने त्यांची नौका मागितली तेव्हा ते म्हणाले, नौका जाईल, पण ती मीच नेईन. सोबत त्यांचा मोठा मुलगा आणि एक तरुण समुद्री स्काउट होता. धाकटा मुलगा युद्धाच्या सुरुवातीलाच विमानहल्ल्याच्या मोहिमेत मारला गेला होता. ज्या नौकेत कधी २१ पेक्षा जास्त माणसे बसली नव्हती, तिच्यात त्यांनी १३० सैनिक आणले. घरातला एक मुलगा गेल्यावर दुसऱ्याला घेऊन पुन्हा त्याच आगीत जाण्याला काय लागते, ते आईबापांनाच कळेल.

किनाऱ्यावरची माणसे

होडी परत आली की काम संपत नसे. सुमारे ४३,००० सैनिक एकट्या रॅम्सगेटच्या धक्क्यावर उतरले. भिजलेले, उपाशी, कित्येक दिवस न झोपलेले, काही जखमी, काहींच्या पायात बूटही नाहीत. त्यांना आत पाठवण्यासाठी रॅम्सगेटहून ८२ खास गाड्या सुटल्या. डोव्हरहून सुटलेल्या गाड्यांची संख्या तर ३०० च्या वर होती.

या गाड्या भरेपर्यंत सैनिकांना चहा, पाव, ब्लँकेट, कोरडे कपडे देण्याचे काम गावकऱ्यांनी केले. १९३८ साली स्थापन झालेल्या महिला स्वयंसेविकांच्या संघटनेच्या बाया होत्या, चर्चची मंडळी होती आणि कुठल्याच संघटनेत नसलेल्या शेजारणी होत्या. रेशन तेव्हा सुरू झालेले होते. साखर, लोणी मोजून मिळत असे. तरी पाव कापला जात होता आणि किटल्या चुलीवरून उतरत नव्हत्या. अनेक सैनिकांना एक-एक पोस्टकार्ड दिले जाई. त्यावर ते घरी दोन ओळी लिहीत, की मी सुखरूप आहे. कित्येक आयांना आपला मुलगा जिवंत असल्याचे त्या पोस्टकार्डानेच कळले.

केंटमधल्या हेडकॉर्न या लहानशा रेल्वे स्टेशनाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक गाडी मोजकीच मिनिटे थांबे. तेवढ्या वेळात पाच-सहाशे माणसांना चहा द्यायचा, तर कप आणायचे कुठून? मग रिकाम्या पत्र्याच्या डब्यांतून चहा दिला जाऊ लागला. गाडी हलायच्या आधी हाक दिली जाई आणि सगळे सैनिक खिडकीतून डबे फलाटावर फेकून देत. ते गोळा करून, धुऊन, पुढच्या गाडीसाठी पुन्हा भरायचे. आपल्याकडे लग्नाच्या किंवा इफ्तारच्या पंगतीत ज्या बायकांनी शेकडो माणसांचे वाढून काढले आहे, त्यांना यातली धावपळ आणि यातली अक्कल दोन्ही समजतील.

दोराचे टोक

आता पुन्हा ली-ऑन-सीच्या सहा होड्यांकडे. ३१ मेच्या दुपारी त्या डंकर्कजवळ पोहोचल्या. वाळूवर होडी टेकवणे हे तर त्यांचे रोजचे काम. पण त्या दिवशी किनाऱ्यावर लाटा फुटत होत्या. अशा लाटांत वाळूवर गेलो तर होडी आडवी पडेल, हे त्यांना पाहताक्षणी कळले. मग बंदराच्या लांब भिंतीपाशी जाऊन त्यांनी सैनिक उचलले आणि बाहेर थांबलेल्या जहाजांवर नेऊन सोडले. अंधार पडला, तोफगोळे पडत राहिले, तरी खेपा चालूच होत्या.

परतीच्या वाटेवर रिनाउनचे इंजिन बंद पडले. तिच्यावर गावातले तीन जण आणि नौदलाचा एक तरुण खलाशी होता. लेटिशियावरच्या मंडळींनी तिच्याकडे दोर फेकला आणि तिला मागे बांधून घेतले. मध्यरात्र उलटून गेली होती. पहाटे दोनच्या सुमारास एकच प्रचंड स्फोट झाला. रिनाउन पाणसुरुंगावर आदळली होती. लेटिशियाच्या फळ्यांवर लाकडाच्या ढलप्यांचा पाऊस पडला. काळोखात काहीच दिसत नव्हते. लेटिशियावरच्या माणसांनी दोर ओढून घेतला. पाऊण तासापूर्वी तो फेकला होता तेवढाच लांब तो परत आला. पलीकडे बांधलेले काही उरले नव्हते.

चौघेही गेले. सहा निघाल्या होत्या, पाच परत आल्या. ली-ऑन-सीच्या सेंट क्लेमेंट चर्चच्या आवारात त्या चौघांचे स्मारक आहे. एंडेव्हर ही त्यांच्यातली होडी पुढे दुरुस्त करून जतन करण्यात आली. डंकर्कला गेलेली सर्वांत लहान समजली जाणारी टॅमझाइन ही उघडी होडी, लांबी पंधरा फुटांपेक्षाही कमी, आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे.

दंतकथा आणि हिशोब

४ जूनला मोहीम संपली तेव्हा एकूण ३,३८,२२६ माणसे वाचली होती. त्यात एक लाखाहून अधिक फ्रेंच सैनिक होते. ४५,००० चा अंदाज कुठल्या कुठे मागे पडला होता.

पण इतिहास शिकवताना गोष्ट सुंदर आहे म्हणून हिशोब बाजूला ठेवता येत नाही. या तीन लाखांहून अधिक माणसांपैकी किनाऱ्याच्या वाळूवरून आले ते सुमारे ९९,०००. उरलेले जवळजवळ २,३९,००० बंदरातून, मुख्यतः त्या लांब भिंतीवरून थेट जहाजांत चढले. म्हणजे मोठे ओझे नौदलाच्या विनाशिकांनी आणि प्रवासी जहाजांनी उचलले. लहान होड्यांपैकी अनेक नौदलाच्याच खलाशांनी चालवल्या. प्रत्येक होडीत तिचा मालक नव्हता.

जाण्यास नकार देणारेही होते. केंटच्या एका गावच्या जीवरक्षक नौकेचा तांडेल म्हणाला, आमची नौका फार जड आहे, ती वाळूवर चढवली तर परत पाण्यात उतरणार नाही. नौदलाने त्यांची नौका ताब्यात घेतली आणि पुढे त्या तांडेलाची नोकरी गेली. त्याला भित्रा ठरवणे सोपे आहे. पण त्याचे म्हणणे धंद्यातल्या माणसाचे होते. ली-ऑन-सीच्या माणसांनीही लाटा पाहून वाळूवर जायचे टाळलेच होते. फरक एवढाच, की त्यांना दुसरी वाट सापडली.

आणि सगळे वाचले नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत शत्रूला रोखून धरणारे सुमारे ४०,००० सैनिक, बहुतेक फ्रेंच, मागे राहिले आणि कैद झाले. दोनशेहून अधिक लहानमोठी जहाजे आणि होड्या बुडाल्या. ज्यांनी दार धरून ठेवले म्हणून इतरांना बाहेर पडता आले, त्यांची आठवण विजयाच्या गोष्टीत कमी निघते.

हा हिशोब मांडल्याने होड्यांची किंमत कमी होत नाही. त्या ९९,००० माणसांसाठी तर ती उथळ पाण्यातली होडीच सगळे काही होती.

खेचरवाले सिपाही

वर्गात हा प्रसंग सांगितला की एक प्रश्न हमखास येतो. "यात आपली माणसं होती का?"

होती. १९३९ सालच्या डिसेंबरमध्ये हिंदुस्थानातून के-सिक्स नावाचे एक दल फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले होते. त्या युद्धात युरोपात गेलेले हे पहिले हिंदी दल. ते रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे होते आणि त्यांच्याबरोबर सुमारे २,००० खेचरे होती. ब्रिटिश सैन्याने आपले सामान मोटारींवर चढवले होते. पण बर्फ आणि चिखल यांपुढे मोटारी अडल्या तेव्हा त्यांना खेचरांची आणि ती हाकणाऱ्यांची आठवण झाली. या दलातले बहुतेक सिपाही पंजाबी मुसलमान होते. बरेचसे अशा गावांचे, जी आज पाकिस्तानात आहेत. शेतकऱ्यांची मुले. लहानपणापासून जनावरे सांभाळलेली.

दलाच्या चार कंपन्या होत्या. एक पूर्ण कंपनी जर्मनांच्या हाती लागली आणि तिचे सिपाही युद्धकैदी झाले. डंकर्कला सुमारे तीनशे हिंदी सिपाही पोहोचले. त्यांचे अधिकारी मेजर मुहम्मद अकबर खान हेही त्यांत होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या सैन्यात जनरल झाले. जमादार मौला दाद खान यांना इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळाले. जमिनीवरून तोफा आणि वरून विमाने मारा करत असताना त्यांनी आपली माणसे आणि आपली जनावरे दोन्ही सांभाळली, यासाठी. शेवटी खेचरांना मागे सोडावे लागले, कारण होडीत जागा फक्त माणसांना होती. ज्याने आयुष्यात कधी बैल किंवा म्हैस विकताना तिच्याकडे मागे वळून पाहिले आहे, त्याला या सिपायांची ती संध्याकाळ वेगळी सांगावी लागणार नाही.

हे सिपाही बंदराच्या त्याच लांब भिंतीवरून, त्याच रांगेतून इंग्लंडला आले. पुढे काही वर्षे वेल्स, स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या खेड्यांत त्यांचे तळ होते. वोकिंगच्या शाहजहाँ मशिदीत ते ईदच्या नमाजीला जात. भोपाळच्या बेगमसाहिबांच्या मदतीने ही मशीद १८८९ साली उभी राहिली. त्या नमाजीची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. पगडी बांधलेले सिपाही, पायाखाली इंग्लंडचे गवत आणि तोंड काबाच्या दिशेने. काहीजण परत आलेच नाहीत. स्कॉटलंडमधल्या किंगसी गावच्या कबरस्तानात त्यांच्या कबरी आहेत.

२०१७ साली डंकर्कवर मोठा इंग्रजी सिनेमा आला तेव्हा त्यात हे सिपाही कुठेच नव्हते आणि त्यावर बरीच टीकाही झाली. पुढे गी बोमन या इंग्रज संशोधकाने त्यांच्यावर सबंध पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे ही हकिकत लोकांसमोर आली. तोवर ती त्यांच्या घरांतच राहिली असेल. दादाजान विलायतेला होते, एवढ्याच आठवणीत.

ज्या सरकारसाठी हे सिपाही लढले, ते त्यांच्या देशावर राज्य करत होते. हे विसरून चालणार नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी पगारासाठी, घरच्या कर्जासाठी वर्दी घातली होती. तरी त्या किनाऱ्यावर ते इतरांसारखेच थकलेले, भुकेले, घराची ओढ लागलेले जीव होते.

तोच समुद्र, आज

डंकर्कच्या गोष्टीचा शेवट १९४० मध्ये होत नाही. गेली काही वर्षे त्याच किनाऱ्यावरून, त्याच उथळ पाण्यातून, पुन्हा लहान बोटी इंग्लंडकडे निघत आहेत. रबरी, हवा भरलेल्या, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भरलेल्या. त्यांत इराक, इराण, अफगाणिस्तान, सिरिया, सुदान इथून घरदार सोडून आलेली माणसे असतात. बायका असतात, कडेवर पोरे असतात. कितीतरी जण आपल्याच दीनचे.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी डंकर्कजवळच्या किनाऱ्यावरून निघालेली अशी एक बोट खाडीत बुडाली. किमान २७ जीव गेले. बहुतेक इराकमधले कुर्द होते.

ज्या संस्थेच्या नौका १९४० मध्ये रॅम्सगेट आणि मार्गेटहून निघाल्या, ती जीवरक्षक संस्था १८२४ पासून काम करते आहे. ती लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या नौकांवरचे बहुतेक लोक आजही स्वयंसेवक असतात. दुकानदार, शिक्षक, मच्छीमार. त्यांच्या खिशातले यंत्र वाजले की ते हातातले काम टाकून बंदराकडे पळतात. या बुडणाऱ्या परक्यांना तुम्ही का वाचवता, म्हणून २०२१ मध्ये त्यांच्यावर टीका झाली. काहींनी शिव्या दिल्या. संस्थेने शांतपणे सांगितले, की समुद्रात संकटात असलेला कोणीही असो, आम्ही जाणार. त्यानंतर संस्थेला मिळणाऱ्या देणग्या घटण्याऐवजी वाढल्या.

रॅम्सगेटच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये डंकर्कच्या आठवणीसाठी रंगीत काचांची एक खिडकी बसवलेली आहे. खिडकी बसवणे चांगलेच. पण ती आठवण खरी जपली जाते ती यंत्र वाजल्यावर बंदराकडे धावणाऱ्या माणसांकडून.

एका माणसाचा जीव वाचवण्याला अल्लाहने सूरह माइदाच्या ३२व्या आयतीत केवढे मोठे स्थान दिले आहे, ते आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. जलशात, शाळेच्या भाषणात आपण ती आयत नेहमी सांगतो. तिथे शब्द आला आहे 'नफ्स', म्हणजे जीव. कोणाचा, कुठल्या देशाचा, कुठल्या दीनचा, अशी अट त्या शब्दाला जोडलेली नाही. ली-ऑन-सीच्या मच्छीमारांना ही आयत माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांना वाळू माहीत होती, भरती-ओहोटी माहीत होती आणि आपली होडी किती पाण्यात तरंगते ते माहीत होते. तेवढे घेऊन ते गेले.

आपल्यापैकी फार थोड्यांकडे होडी असते. पण प्रत्येकाला काही ना काही येत असते. कोणाला गाडी चालवता येते, कोणाला पन्नास माणसांचा स्वयंपाक, कोणाला सरकारी अर्ज भरता येतो, कोणाला रुग्णाजवळ रात्रभर जागता येते. महापूर आला, महामारी आली, शेजारच्या मोहल्ल्यात आग लागली की याच गोष्टी उपयोगी पडतात. आपल्या मुलांना आपण नमाज शिकवतो, अदब शिकवतो. त्याबरोबर एखादे हातचे काम शिकवावे, पोहायला शिकवावे आणि हेही शिकवावे की हाक आली तर आधी दोर फेकायचा. पलीकडच्या टोकाला कोण आहे, ते नंतर विचारायचे.